डावा कान, उजवा कान

‘मी एकेचाळीस वर्षांचा आहे. एकोणिसाव्या वर्षी होस्टेलच्या खोलीत एका मित्राबरोबर एक प्रोग्रेसिव्ह रॉक बँड पहिल्यांदा ऐकला. इअरफोन एकच होता. डावा माझ्या कानात, उजवा त्याच्या. तेव्हापासून बावीस वर्षं हा बँड घरातल्यासारखा आहे. नोकरी लागली तेव्हा, वडील गेले तेव्हा, मुलगी झाली तेव्हा त्यांचा कुठला अल्बम चालू होता ते मी आजही सांगू शकतो. मूळ गिटारिस्ट दोन वर्षांपूर्वी बाहेर पडला. आता नवा अल्बम आलाय. नऊ गाणी, सगळ्यात मोठं चार मिनिटं चाळीस सेकंदांचं. निम्म्या गाण्यांत ड्रम मशीन. तिसरं गाणं तर लिफ्टमध्ये वाजेल असं. अकरा वेळा ऐकलं, मन रमत नाही. सातव्या गाण्यात दोन मिनिटांनी ड्रमर सात मात्रांवर जातो, वाटतं आता गाडी सुटली. तर आठ सेकंदांत कोणीतरी दटावल्यासारखा परत चारवर. मित्राला अल्बम प्रचंड आवडलाय. आमचं भांडण झालं. तो म्हणाला, तू बँडचा फॅन नाहीस, स्वतःच्या विशीचा फॅन आहेस. तीन आठवडे बोलणं बंद आहे. बॉक्स सेट आधीच मागवला होता, तो घरात येऊन पडलाय. बँडला चार पानी पत्र लिहून ठेवलंय, ते पाठवू का? कॉन्सर्टची दोन तिकिटं आहेत, एक माझं, एक त्याचं. विकून टाकू का? आणि तो म्हणतो ते खरं आहे का?’
– हिरमुसलेला श्रोता

नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात बँडचं नाव सात ठिकाणी होतं. सातही ठिकाणी मी ते गाळलं. छापलं असतं तर लगेच दोन तट पडले असते आणि त्या धुमश्चक्रीत तुमचा मित्र कुठल्या कुठे राहिला असता. शिवाय नाव काय, याने फारसं बिघडत नाही. अशी पत्रं, याच पठडीतले बँड बदलले त्या त्या वर्षी, जेनेसिसच्या चाहत्यांनी १९७८ मध्ये लिहिली असणार, येसच्या चाहत्यांनी १९८३ मध्ये आणि ओपेथच्या चाहत्यांनी २०११ मध्ये. चार पानीच असणार, आणि बहुतेक रात्री अकरानंतर लिहिलेली.

अल्बम तुम्हाला आवडला नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही. एकदा ऐकून नाक मुरडलं असतंत तर दोन शब्द सुनावले असते, पण अकरा वेळा ऐकलंत म्हणजे तुमच्याकडून त्याला पुरेपूर संधी मिळाली. ‘प्रोग्रेसिव्ह म्हणजेच पुढे जाणारं, मग बँड पुढे गेला तर रडतोस कशाला’ हे वाक्य मित्राने ऐकवलं असेल, कारण ते सगळेच ऐकवतात. मनावर घेऊ नका. पुढे जायला दिशा दहा असतात आणि त्यांतली एखादी आपल्याला रुक्ष वाटू शकते.

तरी त्या वाक्यात एक बारीक काटा आहे. आज आपण ज्याला ‘खरं प्रॉग’ (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक) म्हणतो तो साचा साधारण १९६९ ते १९७४ या पाच-सहा वर्षांत घडला. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावायची, म्हणून बाजूभर पसरलेली गाणी आली. मेलोट्रॉन नावाचं पट्ट्यांचं वाद्य आलं: प्रत्येक पट्टीमागे टेपचा एक तुकडा, पट्टी दाबली की तो ओढला जाणार आणि आठेक सेकंदांत संपणार; त्याच्या आत बोट उचलून दुसरीकडे गेला नाहीत तर सूर तुटला. विषम मात्रा आल्या, मधेच बासरी आली, एकाच गाण्यात पाच-सहा प्रकरणं आली. तेव्हा ते धाडस होतं. पन्नास वर्षांनी तोच साचा गिरवणारा बँड रियाज करत असतो. मला रियाज ऐकायला आवडतो, तुम्हालाही आवडतो असं दिसतंय. फक्त त्याला प्रगती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. (आठ सेकंद म्हणजे तुमच्या सातव्या गाण्यातला तो तुकडा. मेलोट्रॉनवाल्यांनी तेवढ्यात आभाळ उभं केलंय. असो, सातव्या गाण्याकडे मी परत येणार आहे.)

तुमच्या पत्रात तक्रारी तीन आहेत आणि त्यांचा गुंता झालाय. अल्बम वाईट आहे. अल्बम मला हवा होता तसा नाही. आणि हे लोक विकले गेले. पहिल्या दोन तुमच्या कानांच्या आहेत, तिथे तुमचाच अधिकार. तिसरी त्यांच्या मनातली आहे. ‘विकले गेले’ हे शब्द मूळ पत्रात तुम्ही चारदा लिहिलेत आणि पुरावा म्हणून पुढे केलीत ती गाण्यांची लांबी. गाणं लांब म्हणजे माणूस सच्चा, हे गणित मला कधीच पटलेलं नाही.

रश हा तिघांचा बँड घ्या. १९७५ चा त्यांचा अल्बम पडला तेव्हा कंपनीला आखूड, रेडिओवर चालतील अशी गाणी हवी होती. यांनी १९७६ मध्ये उलट वीस मिनिटांची अख्खी बाजू दिली आणि त्याच अल्बमने ते तरले. आम्ही सगळे ही गोष्ट मिशीला पीळ देऊन सांगतो. मला मिशी नसून मीही सांगते. पण याच तिघांनी १९८० मध्ये आपणहून पाच मिनिटांची गाणी करायला घेतली, आणि १९८२ पर्यंत सिंथेसायझर इतका पुढे आला की पुढची काही वर्षं गिटार त्याच्या सावलीत राहिली. तेव्हा मागे कोणी काठी घेऊन उभं नव्हतं. तोच बँड, तीच माणसं. सचोटी कुठल्या वर्षी संपली म्हणायची?

जेनेसिसचं आणखी गमतीचं. १९७५ मध्ये पीटर गॅब्रिएल गेला, नवा गायक शोधून शोधून बाकीचे दमले आणि शेवटी ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्सच माईकपुढे आला. १९७७ मध्ये गिटारिस्ट स्टीव्ह हॅकेटही गेला. उरलेल्या तिघांनी १९७८ मध्ये एक साधं प्रेमगीत केलं आणि ते त्यांचं ब्रिटनमधलं पहिल्या दहात पोचलेलं पहिलं गाणं ठरलं. पुढे १९८६ मध्ये तर ते पॉपच्या शिखरावर होते. जुने चाहते त्या वर्षाचं नाव काढलं की सुस्कारा सोडतात. पण त्याच १९८६ च्या अल्बमवर दहा मिनिटांहून मोठं, दोन भागांचं एक गाणं आहे. सुस्कारे सोडणाऱ्यांतल्या कितीजणांनी ते ऐकलं असेल, मला शंका आहे. पहिल्याच गाण्याला रेकॉर्ड बंद केली की उरलेलं कोणी वाजवत नाही.

माझी स्वतःची गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. येस मला भेटला तो १९८३ च्या ‘९०१२५’ मधून. तो अल्बम खरं तर एका वेगळ्याच नावाच्या बँडसाठी सुरू झाला होता. जुना गायक जॉन अँडरसन मागाहून आत आला आणि मग जुनं नाव परत लावलं गेलं. जुन्या चाहत्यांच्या लेखी हा मोठा द्रोह. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं, नवाच बँड आहे, भारी आहे. पुढे कोणीतरी १९७२ ची ‘क्लोज टू द एज’ची कॅसेट हातात ठेवली. आधी पाण्याचा खळखळाट आणि पक्षी, मग एकाएकी सगळे जण वेगवेगळी गाणी एकदम वाजवत असल्यासारखा कल्लोळ, आणि ते गाणं अठरा मिनिटं झाली तरी संपेना. डबीत दुसऱ्याच कोणाची तरी कॅसेट पडलीय, अशी माझी खात्रीच होती. तीन महिने मी तिला हात लावला नाही. आज मला मध्यरात्री उठवून विचारलंत तरी मी १९७२ च्या बाजूने भांडेन. पण आत आले ती १९८३ च्या दारातून, हे नाकारू कशी? तुमच्या त्या लिफ्टवाल्या तिसऱ्या गाण्याला धरून आज कुठलं तरी एकोणीस वर्षांचं पोर आत शिरत असेल. त्याने तुमचं दुःख कमी होणार नाही, माहीत आहे. नुसतं नोंदवून ठेवते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहून गेलात आणि मी तिथेच अडकले. इअरफोन एकच होता. डावा तुमच्या कानात, उजवा त्याच्या.

तुमच्या बँडचा तो पहिला अल्बम मी काढला आणि हेडफोन लावून ऐकला. आधी उजवा कान उघडा ठेवून, मग डावा. गिटार बरीचशी डावीकडे आहे. कीबोर्ड उजवीकडे. ड्रम, बेस आणि गायक मधोमध. मिक्सिंग करणारे अशी वाटणी नेहमीच करतात, दोन भरदार वाद्यं एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून. चौथ्या गाण्यातल्या ज्या गिटारच्या सोलोवर तुम्ही मूळ पत्रात अर्धं पान खर्ची घातलंय, तो उजव्या कानात लांबून भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. तिथे त्या वेळी एक ऑर्गन एकच सूर धरून बसलाय, हळूहळू त्याखाली दुसरा सरकवतोय. मी तो तुकडा तीनदा ऐकला. डाव्या कानाने ऐकलं तर ते गिटारचं गाणं आहे. उजव्याने ऐकलं तर ऑर्गनचं, आणि गिटार म्हणजे लांब कुठे तरी चाललेली गडबड.

म्हणजे होस्टेलच्या खोलीत एका वेळी एका बँडचे दोन बँड चालू होते. पुढे तुम्ही दोघांनी आपापले हेडफोन घेतले असतील, दोन्ही बाजू ऐकल्या असतील. पण जीव जडायचा तो तोपर्यंत जडून गेला होता. आता गिटारिस्ट गेला आणि कीबोर्डवाला सरकून मधे येऊन बसला. तुमच्या डाव्या कानात सामसूम झाली. त्याच्या उजव्या कानातलं मात्र पहिल्यांदाच दोन्हीकडून वाजतंय. त्याला हा अल्बम प्रचंड आवडणार नाही तर काय होणार?

तेव्हा विशीबद्दल तो म्हणतो ते खरं आहे, पण अर्धंच. साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात पुढेही जास्त ठळक राहतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळदा तपासलेलं आहे, आणि त्या वयात ऐकलेली गाणीही त्यातच येतात. यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र तोही विशीचाच फॅन आहे. त्याच्या विशीत ऑर्गन होता, एवढाच काय तो फरक. हे त्याला सांगा, पण ‘बघ, तूही तसाच’ अशा सुरात नको.

आणि एक खटकलं. ड्रम मशीनवर मूळ पत्रात दीड पान आहे, आणि गिटारिस्ट गेला हे अर्ध्या ओळीत. मला वाटतं ठेच तिथे लागलीय आणि तुम्ही फुंकर भलतीकडे घालताय. ज्याच्या वाजवण्याबरोबर तुमच्या वडिलांचं जाणं आणि मुलीचं येणं बांधलं गेलंय, तो माणूस त्या खोलीत आता नाही. ड्रम मशीन काढून टाकलं आणि गाणी बावीस-बावीस मिनिटांची केली तरी तो परत येत नाही. त्याच्यासाठी वाईट वाटून घ्या की. दोन वर्षांपूर्वीच घ्यायला हवं होतं. तेव्हा बहुतेक ‘बँड आहे ना अजून’ म्हणून निभावून नेलंत. तो स्वतः आता काय वाजवतो, तेही शोधा. हॅकेट १९७७ मध्ये बाहेर पडला आणि पुढे कित्येक वर्षं त्याच जुन्या जेनेसिसच्या रचना घेऊन दौरे करत राहिला. डाव्या कानाचं सामान कधी कधी दुसऱ्या पत्त्यावर मिळतं.

‘परत पहिल्यासारखे होतील का’ असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रभर ते जाणवतं. कधी कधी होतात. ओपेथचा गायक मिकाएल ओकरफेल्टने २००८ नंतर अल्बममधलं ते घशातून काढलेलं गुरगुरणं सोडलं, २०११ पासून चार अल्बम स्वच्छ आवाजात केले आणि २०२४ मध्ये गुरगुरणं परत आणलं. याच पठडीतल्या स्टीव्हन विल्सन या गायक-संगीतकाराने २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक पॉप केलं, लोक चिडले, आणि २०२५ मध्ये तो फक्त दोन गाण्यांचा अल्बम घेऊन आला, दोन्ही मिळून चाळीस मिनिटांच्या वर. पण या आशेवर दिवस काढू नका. किंग क्रिम्सन हा बँड १९७४ मध्ये मोडला आणि १९८१ मध्ये परत आला तेव्हा त्याच्या गिटारिस्टने, रॉबर्ट फ्रिपने, मेलोट्रॉन घरीच ठेवला होता. दोन गिटार एकमेकींत विणत जाणारं ते संगीत जुन्या क्रिम्सनच्या वाटेला गेलंच नाही. जे जुन्याची वाट बघत बसले त्यांच्या हातून एक उत्तम अल्बम निसटला. ओपेथच्या मधल्या चार अल्बमांपैकी किमान एक मला फार आवडतो. कुठला ते सांगणार नाही, नाहीतर माझ्याही नावाने चार पानी पत्र येईल.

तर चार पानी पत्र. ते पाठवू नका. तुम्ही सोबत जोडलेलं मी वाचलंय, त्यातली साडेतीन पानं तुमच्या-मित्राच्या भांडणाची आहेत आणि ती बँडपर्यंत जायचं कारण नाही. उरलेल्या अर्ध्या पानात जीव आहे. रशचा २००२ चा अल्बम आला तेव्हा चाहत्यांची तक्रार नेमकी होती: आवाज इतका दाबून मोठा केलाय की फाटतोय, झांजा आणि गिटार यांचा लगदा झालाय. बँडलाही ते पटलं, आणि २०१३ मध्ये तो अख्खा अल्बम नव्याने मिक्स करून आला. ‘तुम्ही आम्हाला फसवलंत’ या वाक्याने कोणी कधी काही नव्याने मिक्स केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ‘सातव्या गाण्यात दोन मिनिटांनी तुम्ही सातवर जाता, आणि मला वाटतं तिथे थांबायला हवं होतं’ हे वाक्य मात्र ड्रमर दोनदा वाचेल. त्यालाही कदाचित थांबायचं होतं. तेवढंच लिहा. सही करा आणि पाठवून द्या.

बॉक्स सेटचं काय, ते तुम्ही विचारलं नाहीत. पदरी पडलं पवित्र झालं. कपाटावर ठेवा, सध्या समोर नको.

तिकिटं विकू नका. चाहते राहतात म्हणून बँड तरतात, असलं काही सांगून मी तुम्हाला भरीला घालणार नाही. तसं सांगता आलं असतं: मारिलियनचा गायक फिश १९८८ मध्ये गेला तेव्हा पुष्कळांनी बँड संपल्याचं जाहीर केलं, आणि पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या चाहत्यांनीच साठ हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमवून त्यांचा दौरा घडवला, २००१ चा अल्बम तर बारा हजारांहून जास्त लोकांनी तो तयार होण्याआधीच पैसे भरून ठेवला होता. पण ती त्यांची गोष्ट. बँड जगवायचा ठेका काही तुमच्याकडे नाही. तिकिटं ठेवा ती दुसऱ्या कारणासाठी: दोनातलं एक तुमचं नाहीच. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट त्याला न विचारता विकणं बरं दिसत नाही, आणि विचारायचं तर फोन करावा लागेल.

फोनवर अल्बमचा विषय काढू नका. एवढंच विचारा, की आपण पहिला अल्बम परत एकदा एकाच इअरफोनवर ऐकायचा का, पण या वेळी उजवा मला आणि डावा तुला. तो हसेल, किंवा तुला वेड लागलंय म्हणेल; दोन्ही चालेल, तीन आठवड्यांच्या अबोल्यापेक्षा बरं. चौथ्या गाण्यापर्यंत थांबा. ऑर्गन तो एक सूर धरतो तेव्हा बोलू नका.

कॉन्सर्टबद्दल दोन गोष्टी लक्षात असू द्या. गिटारच्या जागी कोणीतरी नवा उभा असेल आणि पहिली दहा मिनिटं तो तुमच्या डोळ्यांत खुपेल. खुपू द्या, त्या बिचाऱ्याला ते माहीत असतं. दुसरं म्हणजे स्टेजवर ड्रमर काही हात बांधून बसत नाही, मशीनवरचं निम्मं तो हातांनी वाजवायला घेतो, आणि रेकॉर्डवर आठ सेकंदांत आटोपलेली जागा तिथे मिनिटभर पसरूही शकते. मधे उठून बाहेर जायचंच असेल तर तिसऱ्या गाण्याला जा. सातव्याला जागेवर असा.